बंद शाळेत लस आधी कोणाला: मुंबईतील एका अनुदानित शाळेचे प्रकरण

हे प्रकरण मुंबईच्या पूर्व उपनगरांतील एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेचे आहे. शाळेचे व व्यक्तींचे नाव दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. लसीकरणाचे नियम आणि सरकारी तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणातील बहुतेक पेच त्या तारखांमुळेच निर्माण झाले. शिक्षकांना लसीकरणात प्राधान्य असावे की नसावे, या प्रश्नावर 2021 साली पुष्कळ बोलले गेले. एका शाळेच्या कार्यालयात तो प्रश्न कोणत्या रूपात समोर आला आणि तेथे काय ठरले, एवढ्यापुरतीच ही मांडणी आहे.

पार्श्वभूमी

शाळेत पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत. शिक्षक, लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा सहायक आणि विनाअनुदानित तुकड्यांवरील मानधनावरचे शिक्षक असे मिळून सुमारे 70 कर्मचारी आहेत. त्यांखेरीज शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बचत गटातील चार महिला रोज शाळेत येत असत, पण त्यांची नावे शाळेच्या हजेरीपटावर नव्हती. विद्यार्थी प्रामुख्याने आसपासच्या चाळींतील व डोंगरउतारावरील वस्त्यांतील आहेत. शिक्षकांपैकी निम्म्याहून अधिक जण डोंबिवली, कल्याण, बदलापूर या बाजूने लोकलने येणारे आहेत.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाली ती मुंबईत दीड वर्षाहून अधिक काळ बंदच राहिली. राज्याच्या इतर भागांत नोव्हेंबर 2020 मध्ये नववी ते बारावीचे आणि जानेवारी 2021 मध्ये पाचवी ते आठवीचे वर्ग काही प्रमाणात सुरू झाले, पण मुंबईत तो निर्णय लांबणीवर पडत गेला. शाळा बंद होती म्हणजे वर्ग बंद होते. इमारत बंद नव्हती, आणि पुढचे सगळे समजून घेताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. दाखले देणे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे, पाठ्यपुस्तके वाटणे आणि पोषण आहाराचा तांदूळ व कडधान्य पालकांना मोजून देणे ही कामे चालूच होती. धान्यवाटपाच्या दिवशी फाटकापासून रस्त्यापर्यंत पालकांची रांग लागे. त्या रांगेसमोर उभे असत ते दोन शिपाई, एक लिपिक आणि बचत गटातील महिला. शिक्षक त्या वेळी बहुधा घरून, मोबाइलवर वर्ग घेत असत.

काही शिक्षकांची स्थिती निराळी होती. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसने सुमारे डझनभर जणांना कोविडच्या कामासाठी बोलावले होते. त्यांतील काहींनी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी जाऊन तापमान आणि ऑक्सिजनची पातळी नोंदवली, काहींना वॉर रूममध्ये, म्हणजे पालिकेच्या कोविड नियंत्रण कक्षात, दूरध्वनीवर बसवले गेले, तर काहींनी बाधितांच्या संपर्कातील लोक शोधण्याचे काम केले. हे काम पाळीपाळीने बदलत असे आणि बोलावण्याचे आदेश कधी लेखी, कधी केवळ व्हॉट्सॲपवरच्या निरोपाने येत. या ढिलाईची किंमत पुढे मोजावी लागली.

समस्या

देशात लसीकरण 16 जानेवारी 2021 रोजी सुरू झाले. आरोग्य कर्मचाऱ्यांनंतर फेब्रुवारीत आघाडीवरील कर्मचाऱ्यांची, म्हणजे पोलीस, सफाई कामगार, महसूल व पालिका कर्मचारी यांची पाळी आली. 1 मार्चपासून 60 वर्षांवरील नागरिक आणि ठरवून दिलेल्या 20 सहव्याधींपैकी एखादी असलेले 45 ते 59 वयाचे लोक पात्र झाले, तर 1 एप्रिलपासून 45 वर्षांवरील सर्व जण. 'शिक्षक' असा स्वतंत्र गट या यादीत कोठेही नव्हता. शिक्षकाला लस मिळायची तर वयामुळे, किंवा आघाडीवरील कर्मचारी म्हणून वॉर्ड ऑफिसने नाव घेतल्यामुळे.

या रचनेमुळे शाळेत विचित्र विषमता निर्माण झाली. सेहेचाळीस वर्षांचे, ठणठणीत प्रकृतीचे चित्रकलेचे शिक्षक 1 एप्रिलला पात्र ठरले. एकेचाळीस वर्षांच्या, इन्सुलिन घेणाऱ्या विज्ञानाच्या शिक्षिका मात्र पात्र नव्हत्या, कारण सहव्याधीची सवलत 45 वर्षांच्या खाली लागू नव्हती. धान्याच्या रांगेसमोर उभे राहणारे दोन्ही शिपाई तिशीत होते. त्याच सुमारास शहरातील रुग्णसंख्या झपाट्याने वाढत होती; 4 एप्रिल रोजी मुंबईत एका दिवसात 11 हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर सहकाऱ्यांच्या नातेवाइकांच्या निधनाच्या बातम्या येऊ लागल्या आणि 'आपल्याला लस कधी' हा प्रश्न मुख्याध्यापिकांना रोज विचारला जाऊ लागला.

पहिला निर्णय: प्रमाणपत्रावरील सही

मार्चच्या अखेरीस वरिष्ठ लिपिकाने एक मार्ग सुचवला. कोविडच्या कामावर असलेल्या शिक्षकांची नावे वॉर्ड ऑफिसकडे पाठवायची होतीच. त्या यादीत सर्वच कर्मचाऱ्यांची नावे घालावीत आणि मुख्याध्यापिकांनी 'सदर कर्मचारी कोविड प्रतिबंधात्मक कामावर कार्यरत आहेत' असे प्रमाणपत्र द्यावे. 'बाई, सगळ्या शाळा हेच करताहेत,' असे त्यांचे म्हणणे होते. सगळ्या शाळा तसे करत होत्या की नाही हे तपासायला कोणाकडे साधन नव्हते, पण हा युक्तिवाद कार्यालयात जितका प्रभावी ठरतो तितका दुसरा क्वचितच ठरतो.

मुख्याध्यापिकांपुढे तीन मार्ग होते. पहिला, सर्वांच्या नावांवर सही करणे: त्यात सहकाऱ्यांचे संरक्षण होते, पण विधान असत्य होते आणि लस अपुरी असताना तो डोस दुसऱ्या कोणाच्या वाट्याचा होता. दुसरा, ज्यांच्याकडे लेखी आदेश होता तेवढ्यांचीच नावे देणे. हा कागदोपत्री सर्वांत सुरक्षित. तिसरा, ज्यांनी प्रत्यक्ष काम केले त्या सर्वांची नावे देणे, मग आदेश लेखी असो वा तोंडी, आणि त्यासोबत खुलासा जोडणे. त्यांनी तिसरा मार्ग घेतला. प्रत्येकाकडून कोठे, कोणत्या तारखांना आणि कोणाच्या सांगण्यावरून काम केले याची एक पानाची नोंद घेतली, तोंडी आदेश देणाऱ्या पालिका कर्मचाऱ्याचे नाव लिहिले आणि त्या आधारे बारा जणांची यादी पाठवली. दोन्ही शिपायांची नावेही त्यांनी धान्यवाटपाच्या कामाचा उल्लेख करून जोडली. ती वॉर्ड ऑफिसने वगळली, कारण धान्यवाटप हे शाळेचे काम मानले गेले, कोविडचे नव्हे.

या नोंदी जमवण्यात आठवडा गेला आणि यादीतील सर्वांची नोंदणी वेळेत होऊ शकली नाही. 3 एप्रिल रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवले की आरोग्य व आघाडीवरील कर्मचारी या गटांत नवी नोंदणी करू नये, कारण अपात्र व्यक्तींची नावे या गटांत शिरत असल्याचे आढळले होते. बारांपैकी तिघांची नोंदणी राहून गेली. त्यांतील दोघे 45 वर्षांवरील असल्याने त्यांचे अडले नाही. एक शिक्षिका मात्र वॉर रूममध्ये रात्रपाळी करूनही लसीविना राहिल्या.

ज्यांनी खोटी प्रमाणपत्रे दिली त्यांच्यामुळे जो दरवाजा बंद झाला, तो ज्यांचे काम खरे होते त्यांच्यासाठीही बंद झाला. असे असले तरी मुख्याध्यापिकांचा निर्णय मला योग्य वाटतो. त्यात कमतरता होती ती तत्त्वाची नव्हे, पूर्वतयारीची. ही एक पानाची नोंद सप्टेंबर 2020 पासूनच ठेवली गेली असती, तर यादी एका दिवसात गेली असती.

दुसरा निर्णय: वीस डोस, तीस माणसे

एप्रिलनंतर वयाच्या निकषाने शाळेतील निम्म्याच्या आसपास कर्मचारी पात्र झाले आणि बहुतेकांनी पहिला डोस घेतला. 1 मे पासून 18 ते 44 वयोगटाला परवानगी मिळाली, पण पुरवठ्याअभावी 12 मे रोजी राज्य सरकारने या गटाचे लसीकरण स्थगित केले. जे काही दिवस ते चालू होते त्यांत कोविन या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर स्लॉट उघडताच काही क्षणांत संपत; शाळेतील एका तरुण शिक्षकाला अखेर अंबरनाथला जाऊन डोस मिळाला. 13 मे रोजी कोविशील्डच्या दोन डोसांमधील अंतर 12 ते 16 आठवडे करण्यात आले. तेव्हा या बदलाकडे शाळेत कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे सर्वांत महत्त्वाचा ठरला तो हाच बदल.

जूनच्या मध्यास शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने एका खासगी रुग्णालयामार्फत छोटे शिबिर घडवून आणण्याची तयारी दाखवली. रुग्णालय कोविशील्डचे 20 डोस देऊ शकत होते. दर नुकताच केंद्राने ठरवून दिलेल्या मर्यादेप्रमाणे 780 रुपये होता. लस न मिळालेले, 45 वर्षांखालील कर्मचारी आणि बचत गटातील महिला मिळून साधारण तीस जण उरले होते. त्याच महिन्यात कांदिवलीतील एका गृहसंकुलात 30 मे रोजी झालेले शिबिर बनावट असल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. त्यामुळे रुग्णालयाचे अधिकृत पत्र, कुप्यांचे बॅच क्रमांक आणि त्याच दिवशी कोविनवर नोंद या तीन अटी मुख्याध्यापिकांनी आधी मान्य करून घेतल्या. या भागात वाद झाला नाही. वाद झाला तो क्रमावरून.

विचारात घेतलेले पर्याय

संस्थेचे सचिव, मुख्याध्यापिका, पर्यवेक्षक, शिक्षक-प्रतिनिधी आणि पालक-शिक्षक संघाच्या उपाध्यक्षा अशी पाच जणांची बैठक झाली.

सेवाज्येष्ठतेची यादी हा सर्वांत सोपा पर्याय होता. अनुदानित शाळेत पदोन्नतीपासून परीक्षेच्या पर्यवेक्षणापर्यंत सगळे ज्येष्ठतेने चालते, ती यादी दरवर्षी सह्यांनिशी प्रसिद्ध होते आणि तिच्यावर कोणी पक्षपाताचा आरोप करू शकत नाही. तिचा दोष असा की रोगाला सेवाज्येष्ठता कळत नाही, आणि त्या यादीत मानधनावरचे शिक्षक व बचत गटाच्या महिला मुळातच नाहीत. चिठ्ठ्या टाकणे हा दुसरा पर्याय. तो निःपक्षपाती असला तरी इन्सुलिन घेणाऱ्या शिक्षिकेला आणि चोविशीतल्या क्रीडाशिक्षकाला एकाच पारड्यात तोलणारा होता.

शिक्षक-प्रतिनिधींचे म्हणणे होते की शिबिर शिक्षकांसाठी आहे, तेव्हा आधी सर्व शिक्षक आणि डोस उरले तर इतर. त्यांनी बाहेरच्या देशांचे दाखले दिले आणि ते खोटे नव्हते. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने शिक्षकांना प्राधान्य गटात धरावे असे आवाहन केले होते. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडेन यांनी 2 मार्च 2021 रोजी राज्यांना सांगितले होते की मार्चअखेर शाळांतील प्रत्येक शिक्षक व कर्मचाऱ्याला किमान एक डोस मिळावा. पर्यवेक्षकांनी याउलट ब्रिटनचे उदाहरण दिले: तेथील लसीकरणविषयक संयुक्त सल्लागार समितीने फेब्रुवारी 2021 मध्ये व्यवसायानुसार क्रम लावण्यास नकार देऊन वयाचाच निकष पुढे चालू ठेवला. मृत्यूचा धोका वयाबरोबर वाढतो, व्यवसाय तपासत बसल्यास मोहिमेचा वेग मंदावतो आणि वेग मंदावला तर सर्वांचेच नुकसान होते, अशी त्यामागची भूमिका होती. तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीतही शिक्षकांमधील कोविड मृत्यूंचे प्रमाण त्याच वयाच्या इतर लोकांपेक्षा लक्षणीय जास्त दिसले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने मधला मार्ग घेतला होता: आधी आरोग्य कर्मचारी आणि वृद्ध, त्यानंतरच्या टप्प्यात सहव्याधी असलेल्यांबरोबर शिक्षकांतील अधिक महत्त्वाचा गट, आणि उरलेले शिक्षक त्याच्याही नंतर.

या दाखल्यांमधून एक गोष्ट बैठकीत निसटली असे माझे मत आहे. अमेरिकेतील प्राधान्याचा हेतू शाळा उघडणे हा होता. तेथे शिक्षकाला आधी लस देण्याचे समर्थन त्याच्या स्वतःच्या धोक्यावर तितकेसे उभे नव्हते, जितके मुलांच्या थांबलेल्या शिक्षणावर उभे होते. मुंबईत जून 2021 मध्ये शाळा उघडण्याची कोणतीही तारीख नव्हती. तारीख नसेल तर 'शिक्षक म्हणून आधी' या मागणीचा निम्मा आधार निघून जातो, आणि उरतो तो प्रत्यक्ष कोण कोणाच्या संपर्कात येते हा प्रश्न. त्याचे उत्तर पदनामात सापडत नाही.

पालक-शिक्षक संघाच्या उपाध्यक्षा स्वतः घरकाम करणाऱ्या होत्या. त्यांनी बैठकीत सरळच विचारले, 'बाई, तुम्ही लोक घरून शिकवता. माझ्या सासूबाई पासष्टच्या आहेत, त्यांना अजून एकही डोस नाही. त्यांचा नंबर तुमच्या मागे का?' सासूबाई मार्चपासूनच पात्र होत्या. सरकारी केंद्रावर लस मोफत होती. अडचण होती ती स्मार्टफोनवरील नोंदणीची, पहाटेच्या रांगेची आणि 'सुई घेतली की ताप येतो, माणूस दगावतो' या वस्तीतील भीतीची. हे सगळे त्यांना समजावून सांगण्यात आले. त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले, असे मात्र म्हणता येणार नाही.

तिसरा एक मुद्दा मुख्याध्यापिकांनी मांडला आणि त्याने बैठकीचे पारडे फिरवले. दहावीची परीक्षा रद्द झाली होती आणि निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागणार होता: नववीच्या निकालाचे 50 गुण, दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी, प्रात्यक्षिक वा तत्सम मूल्यमापनाचे 20. हे काम घरून होणारे नव्हते. जुन्या उत्तरपत्रिका व गुणपत्रके कपाटांतून काढणे, ज्या मुलांचे मूल्यमापन राहिले होते त्यांना गाठणे आणि निकाल समितीच्या सह्या घेणे यांसाठी काही ठरावीक माणसे जून-जुलैमध्ये रोज शाळेत येणार होती, आणि तीही अशा वेळी, जेव्हा शिक्षकांना सरसकट अत्यावश्यक सेवेत धरलेले नसल्याने लोकलचा प्रवास त्यांना खुला नव्हता आणि कल्याणहून येणाऱ्याला दोन बस बदलाव्या लागत होत्या.

केलेली कार्यवाही

शेवटी ठरलेला क्रम असा होता. ज्यांना जून-जुलैमध्ये प्रत्यक्ष शाळेत यावेच लागणार, ते सर्व प्रथम: दहावीचे विषयशिक्षक, लिपिक, दोन्ही शिपाई आणि धान्यवाटपासाठी येणाऱ्या बचत गटातील महिला. त्यानंतर 45 वर्षांखालील, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार आजार असलेले कर्मचारी. उरलेल्या डोसांसाठी चिठ्ठ्या. वॉर रूमचे काम करून राहून गेलेल्या शिक्षिकेला पहिल्या गटात घेतले गेले. अनुदानित वेतनश्रेणीतील कर्मचाऱ्यांनी 780 रुपये स्वतः भरावेत आणि मानधनावरील शिक्षक, शिपाई व बचत गटाच्या महिलांचे पैसे संस्थेने द्यावेत, असेही ठरले. महिन्याला काही हजारांच्या मानधनावर काम करणाऱ्या शिक्षकाला 780 रुपये देऊन 'प्राधान्य' घ्यायला सांगणे म्हणजे ते न देण्यासारखेच झाले असते.

एका शिक्षिकेचा प्रश्न या क्रमात बसत नव्हता. त्या दहावीला गणित शिकवत होत्या आणि पाच महिन्यांच्या गर्भवती होत्या. स्तनदा मातांना मे महिन्यात परवानगी मिळाली होती, गर्भवतींना अद्याप नव्हती. ती 2 जुलै रोजी मिळाली. त्यांना शाळेत बोलावायचे नाही, गुणपत्रके घरी पोहोचवायची आणि सही व्हिडिओ कॉलवर तपासून नंतर घ्यायची, असे ठरले. लस देता येत नसेल तर धोका काढून घ्यायचा, हा त्यामागचा साधा विचार होता. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातील सर्वांत नेमका निर्णय हाच आहे, जरी त्यात लसीचा संबंध नव्हता.

जूनच्या चौथ्या आठवड्यात शिबिर झाले. चव्वेचाळीस वर्षांच्या, बावीस वर्षे सेवा झालेल्या एका शिक्षकाचे नाव चिठ्ठीत निघाले नाही. शिपायाला आधी आणि आपल्याला नंतर, हा सेवाज्येष्ठतेचा अवमान आहे असे लेखी पत्र त्यांनी संस्थेला दिले. पत्राचा सूर कडवट होता, पण त्यातील एक आक्षेप बिनतोड होता: क्रम कसा ठरला हे शिबिराच्या आदल्या संध्याकाळपर्यंत कोणालाही लेखी कळवलेले नव्हते. निकष योग्य असूनही ते आधी जाहीर न केल्याने निर्णय बंद खोलीतला ठरला. संस्थेने नंतर खुलासा पाठवला. त्या शिक्षकांनी तो स्वीकारला नाही.

परिणाम

21 जूनपासून 18 वर्षांवरील सर्वांसाठी मोफत लसीकरणाचे केंद्राचे नवे धोरण लागू झाले, तेव्हा शिबिरातून राहिलेल्यांना फार थांबावे लागणार नाही असे वाटले. प्रत्यक्षात जुलैमध्ये साठा संपल्याने पालिकेची केंद्रे काही दिवस बंद ठेवावी लागली. उरलेल्यांचे पहिले डोस जुलै, ऑगस्ट असे रखडत झाले, तर तिघांचे सप्टेंबर उजाडल्यावर. 15 ऑगस्टपासून दोन्ही डोस होऊन 14 दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली. शिबिरात डोस घेतलेल्यांचा दुसरा डोस तेव्हा अजून महिनाभर दूर होता.

25 ऑगस्ट रोजी तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी जाहीर केले की 5 सप्टेंबरच्या शिक्षकदिनापूर्वी सर्व शाळांतील शिक्षकांचे लसीकरण व्हावे यासाठी राज्यांना दोन कोटींहून अधिक जादा डोस दिले जातील. ज्या प्राधान्याची मागणी वर्षभर चालली होती, ते अधिकृतपणे आले ते असे. येथे थोडा हिशेब करावा लागतो. कोविशील्डच्या दोन डोसांत किमान 84 दिवस आणि त्यानंतर पूर्ण संरक्षणासाठी 14 दिवस, म्हणजे एकूण 98 दिवस. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाले. त्या दिवशी ज्याचे 98 दिवस पूर्ण व्हायला हवे होते, त्याचा पहिला डोस 28 जूनपर्यंत होणे आवश्यक होते. शिक्षकदिनाला पहिला डोस घेणाऱ्याचा दुसरा डोस 28 नोव्हेंबरच्या आधी शक्यच नव्हता. एक डोसही काही प्रमाणात उपयोगी होताच आणि कोवॅक्सिन घेणाऱ्यांसाठी अंतर कमी होते, हे खरे. तरीही शाळा उघडण्याशी सांगड घातलेले प्राधान्य म्हणून ती घोषणा दोन महिने उशिरा आली.

या शाळेत 4 ऑक्टोबरला शिबिरातील वीसही जणांचे 98 दिवस पूर्ण झाले होते. यात दूरदृष्टीचा भाग थोडा आणि योगायोगाचा जास्त होता. उघडलेल्या वर्गांवरील ज्या तिघांचा दुसरा डोस बाकी होता, त्यांच्याकडे घरून शिकणाऱ्या मुलांचे ऑनलाइन वर्ग सोपवले गेले, कारण एका बाकावर एकच विद्यार्थी बसवायचा असल्याने आणि काही पालकांनी संमतिपत्र न दिल्याने तसेही दोन्ही प्रकारचे वर्ग चालवावे लागत होते. पाचवी ते सातवीचे वर्ग 15 डिसेंबरला उघडले तोवर त्यांचेही डोस पूर्ण झाले. एका शिक्षकाने अखेरपर्यंत लस घेतली नाही; लस ऐच्छिक असल्याने सक्ती करता येत नव्हती. त्यांची बसण्याची जागा कर्मचारी कक्षाबाहेर, वाऱ्याच्या बाजूला केली गेली.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट यादीची. शाळेकडे हजेरीपट होता, सेवाज्येष्ठतेची यादी होती, पगारपत्रक होते. पण इमारतीत प्रत्यक्ष कोण येते, किती वेळ थांबते आणि किती बाहेरच्या लोकांना भेटते याची यादी नव्हती. ती असती तर मार्चमधील प्रमाणपत्र आणि जूनमधील क्रम, दोन्ही निर्णय लवकर आणि कमी वादात झाले असते. शासनाच्या पातळीवरही हीच उणीव दिसते. 'शिक्षक' या शब्दावर आधारलेल्या यादीत घरून शिकवणारे सर्व जण येतात आणि तांदूळ मोजून देणारी बाई येत नाही. तेव्हा शिक्षकांना प्राधान्य हवे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की वर्ग उघडायचे असतील तर त्या वर्गात उभ्या राहणाऱ्यांना, आणि इमारत चालू ठेवायची असेल तर ती चालू ठेवणाऱ्यांना, उघडण्याच्या तारखेपासून चौदा आठवडे मागे मोजून ते द्यावे. केवळ पदामुळे देऊ नये. एप्रिलच्या तुटवड्यात तर निश्चितच नाही. तेव्हा साठ वर्षांवरील कित्येक जण एकाही डोसाविना होते.

दुसरी गोष्ट इयत्तांची. मोठ्या मुलांचे वर्ग आधी उघडतील हे नोव्हेंबर 2020 पासून राज्यभर दिसत होते. चिठ्ठ्या टाकण्याऐवजी आठवी ते दहावी शिकवणाऱ्यांना आधी घेतले असते, तर ऑक्टोबरमधील तिघांचा प्रश्न बहुधा उद्भवला नसता. पर्यवेक्षकांनी हे बैठकीत सुचवले होते, पण उघडण्याची तारीखच नसताना इयत्ता कशाला पाहायच्या, असे म्हणून ते बाजूला पडले.

निकष आधी जाहीर करण्याबद्दल निराळे सांगायला नको. सूचनाफलकावर चार दिवस आधी एक कागद लावायचा होता.

राहिला तो उपाध्यक्षांचा प्रश्न. वीस डोस वस्तीतील वृद्धांना देऊन टाकणे हा खरा पर्याय होता असे मला वाटत नाही. त्यांच्यासाठी मोफत लस उपलब्ध होती आणि त्यांची अडचण डोसांची नसून तेथवर पोहोचण्याची होती. पण नेमकी तीच अडचण शाळा सोडवू शकत होती. संगणक कक्षातील यंत्रे होती, इंटरनेट होते, मोबाइलवर येणारा ओटीपी समजावून सांगू शकणारे आणि ज्यांच्या शब्दावर वस्तीचा विश्वास आहे असे शिक्षक होते, आणि त्यांतील पुष्कळांनी स्वतः डोस घेतलेला होता. आठवड्यातून दोन दुपारी पालकांच्या घरातील ज्येष्ठांची नोंदणी करून द्यावी, ही सूचना त्याच बैठकीत आली होती आणि इतिवृत्तात तिची नोंद आहे. दहावीच्या निकालाच्या कामात संगणक कक्ष अडकलेला असल्याने ती पुढच्या बैठकीवर टाकण्यात आली. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ती नव्हती.